फोटो-संपादनाचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे का? मुंजीचे सहाशे फोटो, रात्रीच्या झांक्या आणि आजोबांचा डागाळलेला फोटो

रामबागेतली, इंदूर · १८ जानेवारी, रात्री ९.५०

नमस्कार. गेली सात वर्षे मी हौस म्हणून फोटो काढते आहे आणि मागच्या वर्षापासून इंदुरातल्या ओळखीच्या घरांमधली मुंज, बारसे, डोहाळजेवण अशी छोटी कामे मानधन घेऊन करू लागले आहे. वर्षाकाठी दहा-अकरा कामे होतात. नोकरी सांभाळून त्याहून जास्त मला झेपणार नाहीत. आजवर मी कॅनन कॅमेऱ्याबरोबर मिळणारे डिजिटल फोटो प्रोफेशनल हे फुकटचे सॉफ्टवेअरच वापरत आले. आता पैसे भरून चांगले सॉफ्टवेअर घ्यावे असे वाटू लागले आहे, आणि त्यामागची तीन कारणे सविस्तर सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना माझ्या कामाची कल्पना येईल.

गेल्या मे महिन्यात मी एक मुंज केली. निवड करून उरलेले फोटो ६१२ होते आणि ते एकेक उघडून नीट करण्यात माझ्या तीन आठवड्यांच्या सगळ्या संध्याकाळी गेल्या. एवढे करूनही अल्बम छापून आला तेव्हा फोटो काळपट वाटले. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या भिक्षावळीच्या फोटोंत तर बटूचा चेहरा मातकट आणि त्याचा केशरी कद तपकिरी दिसत होता. यजमान काही बोलले नाहीत, पण मला ते फार लागले.

दुसरे कारण अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्यांचे, म्हणजे मिरवणुकीत निघणाऱ्या चालत्या देखाव्यांचे. इंदूरच्या कापडगिरण्या बंद पडून कितीतरी वर्षे झाली, तरी गिरणी कामगारांनी झांक्यांची परंपरा सोडलेली नाही, आणि त्या मिरवणुकीचे फोटो मी दरवर्षी काढते. पुढे सरकणारा देखावा आणि डोळे दिपवणारे दिवे असतात, पण झांकी ओढणाऱ्या माणसांचे चेहरे मात्र अंधारात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० किंवा १२,८०० वर न्यावाच लागतो आणि नेमक्या त्या चेहऱ्यांवर रवाळ ठिपके येतात.

तिसरे कारण घरगुती आहे. आजोबांचा राजवाड्यासमोर उभे असतानाचा एक फोटो आमच्याकडे आहे. दोन बाय तीन इंचांचा, कृष्णधवल, राजवाड्याला १९८४ मध्ये आग लागली त्याच्या कितीतरी आधीचा. ओलीमुळे त्यावर पिवळसर तपकिरी डाग पडला आहे आणि तो थेट चेहऱ्यावरून गेला आहे. हा त्यांचा तरुणपणीचा एकमेव फोटो आहे.

या तिन्ही कामांसाठी सॉफ्टवेअरवर पैसे खर्च करणे योग्य ठरेल का, आणि ठरत असेल तर कोणत्या?

जेलरोडचा स्टुडिओ, इंदूर · १९ जानेवारी, सकाळी ११.१५

ताई, वीस वर्षांहून अधिक काळ मी लग्नाचे अल्बम करून देतो, त्यामुळे माझे मत धंद्याच्या बाजूने झुकलेले असणार हे धरूनच वाचा. मी फोटोशॉप आणि लाइटरूम क्लासिक या दोन्हींची वर्गणी भरतो आणि ती मला कधी जड वाटलेली नाही. ६१२ फोटोंना प्रत्येकी दोनच मिनिटे धरली तरी वीस तासांच्या वर वेळ जातो. लाइटरूममध्ये एका उजेडात काढलेल्या फोटोंपैकी एक फोटो मनासारखा करायचा, त्याच दुरुस्त्या त्या उजेडातल्या बाकीच्या फोटोंना एकदम लावायच्या आणि मग ज्यांना गरज असेल तेवढ्यांकडेच वेगळे पाहायचे, अशी कामाची रीत असते. मुंजीत सकाळचा घाणा, मातृभोजन, मंगलाष्टके आणि भिक्षावळ असे फार तर पाच-सहा उजेड येतात, म्हणजे जीव ओतून करायचे फोटोही तेवढेच. तुमचे तीन आठवड्यांचे काम मी दोन दिवसांत उरकतो, ते हात वेगाने चालतो म्हणून नव्हे, तर या रीतीमुळे.

फोटोशॉपचे म्हणाल तर त्याची गरज अल्बम कोण मांडतो यावर ठरते. आपल्याकडे अल्बमचे उघडलेले पान बहुधा १२ बाय ३६ इंचांचे असते, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलची फाइल होते, आणि त्याचे तयार नमुने बाजारात फोटोशॉपच्या पीएसडी स्वरूपात मिळतात. पाने स्वतः मांडणार असाल तर फोटोशॉपला खरोखर पर्याय नाही असे माझे मत आहे, कारण तेच नमुने इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडले की काही वेळा अक्षरे आणि थर जागचे हलतात. लॅबच पाने मांडून देत असेल, तर तुम्ही त्यांना नीट केलेले जेपेग दिले की तुमची जबाबदारी संपली.

लष्कर, ग्वाल्हेर · १९ जानेवारी, रात्री १०.३०

स्टुडिओवाल्या दादांनी सांगितलेली रीत अगदी बरोबर आहे, मात्र ती पैसे भरणाऱ्यांनाच मिळते असे नाही. ताई, तुम्ही जे सॉफ्टवेअर आज वापरता त्यातच ती सोय आहे. डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये फोटोवर केलेल्या दुरुस्त्यांना 'रेसिपी' म्हणतात. एका फोटोची रेसिपी कॉपी करून निवडलेल्या शंभर फोटोंवर ती एका दमात पेस्ट करता येते. निकॉनचे एनएक्स स्टुडिओही फुकट मिळते आणि त्यातही दुरुस्त्या अशाच उचलून लावता येतात. नवीन काही घेण्याआधी तुम्ही हे एकदा करून पाहावे, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

आपण रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ कच्ची माहिती) काढता की जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो), हे लिहिलेले नाही. या प्रश्नाचे उत्तर सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच १६,३८४ असतात. पिवळ्या दिव्याखालचा मातकट चेहरा पुन्हा रंगात आणायचा असेल, तर या जादा पायऱ्याच उपयोगी पडतात. जेपेगमध्ये जे उरलेलेच नाही ते कोणतेही महागडे सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

मी स्वतः डार्कटेबल वापरतो. ते मुक्त आणि विनामूल्य आहे, आणि त्यात नॉइज, म्हणजे ते रवाळ ठिपके, काढण्याचा जो भाग आहे तो कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणे आणि आयएसओप्रमाणे आधीच मोजून ठेवलेल्या मापांवर चालतो, त्यामुळे आयएसओ ६४०० चा फोटो उघडला की त्याला कितपत सफाई हवी हे त्याला ठाऊक असते. दुरुस्त्यांची नोंद मूळ फोटोशेजारी एका छोट्या वेगळ्या फाइलमध्ये राहते आणि मूळ फोटोला धक्का लागत नाही. मात्र एक गोष्ट लपवत नाही: ते शिकायला मला दोन महिने लागले आणि मधे दोनदा मी ते सोडून दिले होते. त्यात भागांची इतकी गर्दी आहे की नवा माणूस गांगरतो. एक्सपोजर (उजेड कमी-जास्त करणे), पांढऱ्याचा समतोल (दिव्याच्या उजेडाची छटा काढणे), नॉइज आणि कातरणी एवढ्या चारच भागांवर पहिले पंधरा दिवस काढावेत आणि बाकीच्यांकडे पाहूही नये.

डाग बुजवणे, चेहरा नीट करणे यासाठी गिंप हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि तेव्हापासून फिल्टर लावल्यावरही ते पुन्हा मागे जाऊन बदलता येऊ लागले. आधीच्या आवृत्त्यांची ती मोठी उणीव होती. अफिनिटी हे तर विकत मिळणारे सॉफ्टवेअर होते, पण ते बनवणारी कंपनी २०२४ मध्ये कॅन्व्हा या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते फुकट केले. त्यासाठी कॅन्व्हाचे खाते उघडावे लागते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सोयींना मात्र पैसे पडतात.

अन्नपूर्णा रोड, इंदूर · २० जानेवारी, दुपारी ३.०५

वर्गणी भरण्याआधी कराराचा प्रकार नीट वाचा, एवढे सांगण्यासाठी लिहितो आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका सॉफ्टवेअरची वर्गणी सुरू केली. दरमहा रक्कम जात होती, म्हणून हवी तेव्हा बंद करता येईल अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात तो वर्षभराचा करार होता आणि फक्त हप्ते महिन्याचे होते. चौथ्या महिन्यात बंद करायला गेलो, तेव्हा उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा मोठा भाग दंड म्हणून मागितला गेला. 'वार्षिक, हप्ते मासिक' आणि 'मासिक' या दोन वेगळ्या योजना असतात, दुसरी महाग दिसते, पण सहा महिन्यांतून एकदाच काम असणाऱ्याला तीच परवडते. कंपनीच्या पानावरच्या आकड्यात जीएसटी धरला आहे का, हेही पाहावे, कारण सॉफ्टवेअरवर तो १८ टक्के लागतो.

याहून मोठा त्रास नंतर झाला. वर्गणी बंद होताच माझ्या चार हजार फोटोंवरच्या दुरुस्त्या जिथल्या तिथे गोठल्या. फोटो दिसत होते, बाहेर काढता येत होते, पण एकाही फोटोतला उजेड मला आणखी कमी-जास्त करता येत नव्हता, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्या दुरुस्त्यांची भाषा कळत नव्हती. आता मी पुरे झालेले प्रत्येक काम १६ बिट टिफ किंवा उत्तम प्रतीच्या जेपेगमध्ये बाहेर काढून ठेवतो आणि मूळ रॉ वेगळ्या डिस्कवर ठेवतो. वर्गणी घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ही सवय लावून घ्यावी.

नवीन सदस्य · २० जानेवारी, रात्री ८.२०

माझ्या ओळखीचा एक मुलगा कोणतेही सॉफ्टवेअर क्रॅक करून फुकट बसवून देतो. घरगुती वापर असेल, तर त्यात खरोखर काही अडचण आहे का?

जेलरोडचा स्टुडिओ, इंदूर · २० जानेवारी, रात्री ९.००

अडचण आहे, आणि ती मी सोसलेली आहे. सुरुवातीच्या काळात मीही असेच सॉफ्टवेअर बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितला, तेव्हाच मला कळायला हवे होते. महिन्याभरात संगणकातल्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. त्यात एका लग्नाचे न छापलेले फोटो होते. त्या घरी जाऊन ते सांगण्याचा प्रसंग मी विसरू शकत नाही.

कायद्याचे म्हणाल तर प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे: सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण गुन्हा तो गुन्हाच. वरती लष्करच्या दादांनी इतकी फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर सांगितली असताना हा मार्ग धरण्याचे कारण मला दिसत नाही.

दांडियाबाजार, बडोदा · २१ जानेवारी, सकाळी ७.४५

रामबागेतल्या ताईंच्या पहिल्या अडचणीकडे पुन्हा एकदा लक्ष वेधावेसे वाटते, कारण तिचे मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसावे अशी मला दाट शंका आहे. पडद्यावर चांगले दिसणारे फोटो छापून काळपट येतात, तेव्हा बहुतेक वेळा पडदा अतिशय उजळ ठेवलेला असतो. लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवून आपण फोटो करतो, त्यामुळे डोळ्यांना फोटो पुरेसा उजळ वाटतो आणि आपण तो आहे त्यापेक्षा गडद ठेवून देतो. कागद काही स्वतः प्रकाश टाकत नाही. छपाईसाठी काम करताना पडद्याचा उजेड साधारणपणे ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढा ठेवतात, तर लॅपटॉपचा पूर्ण उजेड त्याच्या दुपटी-तिपटीचाही असू शकतो. पडद्यावर टेकवून रंग आणि उजेड मोजणारे छोटे उपकरण मिळते. मी सल्ला देईन की पहिला पैसा तुम्ही तिथे घालावा. ते घ्यायचे नसेल, तर मुंजीच्या अल्बममधला एक छापील फोटो हातात धरा, तोच फोटो पडद्यावर उघडा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत पडद्याचा उजेड कमी करत जा. हे अचूक माप नव्हे, पण दोष कुठे आहे ते लगेच उमगते.

आता आजोबांच्या फोटोविषयी. या कामात मी बरीच वर्षे घालवली आहेत आणि हा विषय मला जवळचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फोटो जर काचेला चिकटलेला असेल तर तो ओढून काढू नका. काचेसकट स्कॅन करा. ओल्या कापडाने पुसू नका, कारण जुन्या छापील फोटोंवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि बुरशी लागलेली असेल तर तो सुटूनही येतो. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडली की पुरे. त्यानंतर १,२०० डीपीआयने स्कॅन करा. दोन बाय तीन इंचांच्या फोटोची फाइल २,४०० बाय ३,६०० पिक्सेलची होईल आणि त्यावरून आठ बाय बारा इंचांची चांगली प्रत निघेल.

स्कॅन मात्र रंगीत करा, फोटो कृष्णधवल असला तरी रंगीतच. कारण पिवळसर डाग निळा प्रकाश शोषतो आणि लाल प्रकाश बराचसा परत पाठवतो. त्यामुळे रंगीत स्कॅनच्या निळ्या चॅनेलमध्ये (फोटोतल्या नुसत्या निळ्या उजेडाच्या भागात) डाग काळाकुट्ट दिसतो, तर लाल चॅनेलमध्ये तो इतका फिका पडतो की कित्येकदा शोधावा लागतो. फक्त लाल चॅनेल ठेवून त्याचाच कृष्णधवल फोटो करा. गिंपमध्ये मोनो मिक्सर नावाची सोय आहे, तिथे लालचा आकडा १ आणि बाकी दोन्हींचा शून्य केला की झाले. चेहऱ्यावरचा डाग हाताने बुजवायला बसण्याआधी हे करून पाहा, कदाचित बुजवण्यासारखे फार उरणारही नाही.

रामबागेतली, इंदूर · २१ जानेवारी, रात्री १०.१०

सर्वांचे मनापासून आभार. मी रॉ आणि जेपेग दोन्ही काढते, मात्र आजवर जेपेगच वापरत आले होते. रेसिपी कॉपी करण्याची सोय सात वर्षांत माझ्या पाहण्यात आली नव्हती. दांडियाबाजारच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे अल्बमचे पान पडद्याशेजारी धरून पाहिले. पडद्याचा उजेड शंभरावरून चाळिसाच्या जवळ आणला तेव्हा कुठे दोन्ही फोटो सारखे दिसू लागले. मी थक्क झाले आहे.

एक विचारायचे आहे. जुने फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणात साफ करून देणाऱ्या सेवा आहेत. भाचीने मोबाइलवर आजोबांचा फोटो टाकला आणि डाग पूर्ण जाऊन चेहरा लख्ख झाला. घरात सगळ्यांना तो आवडला, पण आई म्हणाली, "हे तुझे आजोबा नव्हेत." तेव्हापासून मी अडखळले आहे.

दांडियाबाजार, बडोदा · २२ जानेवारी, सकाळी ७.३०

तुमच्या आईंचे म्हणणे शब्दशः खरे आहे. अशा सेवेला चेहऱ्याचा जो भाग दिसत नाही तो ती शोधून काढत नाही, तर लाखो इतर चेहऱ्यांवरून तिथे काय असावे याचा अंदाज करून नवा भाग रंगवते. मग डोळ्याच्या कडा, ओठांची ठेवण, नाकाचा बाक असे ज्यावरून माणूस ओळखू येतो तेच नेमके बदलते. कापडावरचा किंवा भिंतीवरचा डाग असा भरून घेतला तर माझी हरकत नाही. चेहरा मात्र जेवढा आहे तेवढाच ठेवावा, मग त्यावर फिकट डाग राहिला तरी चालेल.

फोटो सुधारणे ही काही आजची गोष्ट नाही. जुन्या काळचे नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ १८६६ मध्ये तुमच्या इंदुरातच सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीला लागले, तिथे असतानाच छायाचित्रणाकडे वळले आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना पहिला आश्रय दिला. त्या काळच्या स्टुडिओंमधून काचेच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने चेहऱ्यावरचे वण बुजवत असत. पण ज्याच्या हातात पेन्सिल असे, त्याने तो चेहरा समोर बसलेला पाहिलेला असे. तुमच्या आजोबांना ज्यांनी पाहिले आहे त्या आईंना शेजारी बसवून हे काम करा.

लष्कर, ग्वाल्हेर · २२ जानेवारी, रात्री ९.१५

झांक्यांच्या फोटोंवर एक सुचवतो. विकतच्या सॉफ्टवेअरची खरी सरशी आज कुठे असेल तर ती नॉइज काढण्यात आहे, हे मी मुक्त सॉफ्टवेअरचा पक्षपाती असूनही मान्य करतो. डीएक्सओ कंपनीचे डीपप्राइम हे नॉइज काढण्याचे तंत्र २०२० मध्ये आले आणि लाइटरूममधली डीनॉइज सोय २०२३ मध्ये. दोन्ही रॉ फाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेने काम करतात, मात्र चांगले ग्राफिक कार्ड नसेल तर एकेका फोटोला कित्येक मिनिटे घेतात. डीएक्सओचा परवाना कायमचा मिळतो. वर्गणीची भानगड नाही, पण पुढची आवृत्ती हवी झाली तर पुन्हा पैसे पडतात. दोन्हींची चाचणी मुदत फुकट असते, लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीची सात दिवसांची. ती सुरू करण्याआधी फोटो निवडून तयार ठेवा, नाहीतर अर्धी मुदत शोधाशोधीतच जाते. आणि तुलना पडद्यावर शंभर टक्के मोठे करून करू नका. ज्या आकारात छापणार, त्या आकारात छापून करा.

रामबागेतली, इंदूर · १५ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

मधले तीन आठवडे मी याच कामात घालवले. झांक्यांचे बारा आणि मुंजीचे अठ्ठावीस असे चाळीस फोटो निवडून तेच तीन ठिकाणी केले: माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ वापरून, डार्कटेबलमध्ये, आणि एका विकतच्या सॉफ्टवेअरच्या चाचणी मुदतीत. त्यांतले सहा फोटो प्रत्येक प्रकारे आठ बाय बारा इंचांत छापून घेतले आणि मागे फक्त पेन्सिलीने खूण करून घरात सगळ्यांना दाखवले.

मुंजीच्या फोटोंत कुणालाही फरक सांगता आला नाही. रॉ घेऊन, पडद्याचा उजेड उतरवून आणि पांढऱ्याचा समतोल नीट करून केलेला भिक्षावळीचा फोटो तिन्ही प्रकारांत चांगलाच आला, कद केशरी दिसला आणि बटूच्या गालावरची हळद वेगळी ओळखू आली. रेसिपी कॉपी करून मी ६१२ पैकी पहिले दोनशे फोटो पुन्हा केले, त्याला दोन संध्याकाळी पुरल्या.

झांक्यांत मात्र विकतचे सॉफ्टवेअर सरस ठरले. आयएसओ १२,८०० वर काढलेला, दोर ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या कामगाराचा फोटो आहे. त्याच्या कपाळावरच्या घामाचे थेंब माझ्या जुन्या सॉफ्टवेअरने ठिपक्यांबरोबर पुसून टाकले होते, डार्कटेबलने त्यांतले काही ठेवले, आणि विकतच्या सॉफ्टवेअरने जवळजवळ सगळे ठेवून ठिपके काढले. घरातल्या पाचही जणांनी न सांगता तोच फोटो उचलला. फक्त माझ्या लॅपटॉपवर त्या एका फोटोला अकरा मिनिटे लागली.

जेलरोडचा स्टुडिओ, इंदूर · १५ फेब्रुवारी, रात्री ८.३०

ताई, एवढ्या कष्टाने कुणी तपासून पाहत नाही. माझे पहिल्या दिवशीचे मत मी तुमच्यापुरते मागे घेतो. वर्षाला दहा-अकरा कामे आणि पाने लॅबमध्ये मांडून घेणे असे असेल, तर वर्गणीचा बोजा घेऊ नका. कामे वीस-पंचवीसवर गेली, किंवा पाने स्वतः मांडायला लागलात, तर मात्र पुन्हा हिशेब करा. अकरा मिनिटांचे म्हणाल तर झांक्यांचे निवडक वीस-पंचवीस फोटो माझ्या स्टुडिओच्या संगणकावर आणून करा. त्याचे पैसे मी घेणार नाही. त्या मिरवणुकीत माझे वडीलही दोर ओढायला असत.

रामबागेतली, इंदूर · १२ मार्च, रात्री ९.२५

दादा, तुमच्या शब्दांनी भरून आले. भाद्रपदात फोटो घेऊन नक्की येईन, आणि रॉ जपून ठेवलेले असल्यामुळे मागच्या चार वर्षांचे फोटोही सोबत आणीन.

निर्णय सांगायचा राहिला होता. सॉफ्टवेअर मी विकत घेतलेले नाही. त्याऐवजी पडदा मोजण्याचे उपकरण घेतले आणि रॉ फाइलींसाठी आणखी एक हार्ड डिस्क घेतली. मुंजीच्या यजमानांकडे जाऊन अल्बममधली भिक्षावळीची चार पाने माझ्या खर्चाने पुन्हा छापून देण्याचे ठरवले आहे. लॅबमधून ती या आठवड्यात येतील. रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, तीनशे चाळीस फोटो डार्कटेबलमध्ये करते आहे. गुलालाच्या धुरळ्यात लाल रंग फार लवकर भडक होतो, तेव्हा लष्करच्या दादांनी त्यासाठी कोणता भाग वापरायचा ते सांगावे.

आजोबांचा फोटो आई शेजारी असताना केला. लाल चॅनेल वेगळा काढताच कपाळापासून हनुवटीपर्यंतचा डाग जवळजवळ दिसेनासा झाला. डाव्या डोळ्याखाली एक फिकट पट्टा उरला आहे, तो तसाच ठेवला. डागाखाली काय होते ते इतक्या वर्षांत आम्हाला कधी दिसले नव्हते: त्यांच्या डाव्या भुवईवर एक आडवा वण आहे. आईने तो पाहताक्षणी ओळखला आणि लहानपणी विहिरीच्या रहाटाचा दांडा लागल्याची हकिकत सांगितली. भाचीच्या मोबाइलवरच्या लख्ख फोटोत त्या जागी सलग भुवई आहे.